बाबांचं पथ्य

"एका दमात पी, प्रमिला. तोंडात घोळवू नको," असं म्हणत बाबांनी आईच्या हातात हिरव्यागार रसाचा पेला दिला.

आईनं डोळे मिटले आणि तो खरोखरच एका दमात संपवला. मग पदरानं ओठ पुसून माझ्याकडे बघत हसली.

"काय काय घातलंय यात?" मी विचारलं.

बाबांना एवढंच हवं होतं. "पालक. शेवग्याचा पाला, आपल्याच झाडाचा. टमाटे, आवळा, आल्याचा तुकडा. आणि हे सगळं साध्या पाण्यात नाही हं, शहाळ्याच्या पाण्यात. संध्याकाळी परत एकदा देतो. किडनीला बळ येतं त्यानं."

मी शिकवते त्या शाळेला दिवाळीची सुट्टी लागली म्हणून मी आदल्या दिवशीच अमरावतीहून कारंज्याला आले होते. आईची किडनी थोडी अशक्त झालीय, एवढं मला चैत्रापासून माहीत होतं. अमरावतीच्या डॉ. काबरांचं औषध चालू होतं. फोनवर विचारलं की बाबा म्हणत, "औषध आहेच, पण खरं काम आहाराचं." आणि आई मागून म्हणे, "बरी आहो मी, तू काळजी करू नको." समोर बघितलं तेव्हा मात्र वेगळंच दिसलं. तिचा चेहरा मातकट झाला होता. पायांवर इतकी सूज होती की जोडवी काढून ठेवावी लागली होती, आणि बोटांवर त्यांचे नुसते पांढरट वळ राहिले होते.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. वामनराव इंगोले, निवृत्त कृषी सहायक. नोकरीत असताना ते शेतकऱ्यांना बियाणं, खत, कीड असलं सगळं सांगत. पण सायकलवरून उतरून घरात शिरले की त्यांचा विषय एकच, माणसानं खावं काय. आमच्या घरी चहाला साखर नव्हती. सणाला गोडधोड नव्हतं. वर्गातल्या मुली डब्यात शिरा आणायच्या, आणि माझ्या डब्यात जवसाची चटणी, मोडाची मटकी आणि ज्वारीची भाकर. मुली मला 'कडू कारलं' म्हणायच्या. आईनं कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. माहेरी ती गोडाशिवाय जेवत नसे म्हणे.

हे बाबांच्या डोक्यात कुठून आलं, तेही घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना नोकरी लागली तेव्हा ते गावी आपल्या आईसाठी पेढे घेऊन गेले. तिला साखरेचा आजार आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. लेकाच्या पहिल्या पगाराचे पेढे म्हणून ती रोज एकेक पुरवून खात राहिली. पुढं तिच्या पायाला जखम झाली, ती चिघळली, पाय काळा पडला आणि त्यातच ती गेली. पेढ्यांनी काही पाय सडत नाही, हे डॉक्टरांनी बाबांना तेव्हाही सांगितलं होतं. बाबांनी ते ऐकून घेतलं. मानलं मात्र कधीच नाही.

आणि त्यांच्या सांगण्याचा लोकांना उपयोग झाला, हेही खरंच. त्याच दुपारी हमीदचाचा आले. कोपऱ्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं.

"बेटी, तुझ्या अब्बांनी माझा पाय वाचवला," ते पायरीवर टेकत मला म्हणाले. "गहू सोडवला, ज्वारी धरायला लावली. मेथ्या, कारलं, जांभळाच्या बियांची पूड. रोज पहाटे मला घरातून उठवून चालायला न्यायचे. डॉक्टरनं गोळी अर्ध्यावर आणली माझी."

"आणि गोळी बंद करायची नाही, हेही मीच बजावलं होतं," बाबा म्हणाले. "मी काही भोंदू नाही. आजार दाराशी आला की औषध. पण दाराशीच येऊ नये यासाठी ताट." हे वाक्य त्यांनी आयुष्यभर इतक्यांदा म्हटलं होतं, की हमीदचाचांनी त्यातला शेवटचा शब्द त्यांच्याबरोबरच उच्चारला. दोघंही हसले. आत आई मटार सोलत बसली होती. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात तोंड धूत असताना आतून भांडं पडल्याचा आवाज आला. धावत गेले तर आई ओट्याला टेकून जमिनीवर बसलेली.

"काय झालं?"

"काई नाई. पायच उचलून नाई राह्यले," ती म्हणाली. जणू काही दुसऱ्याच कुणाच्या पायांबद्दल सांगत होती.

मी तिच्या काखेत हात घालून उठवायला गेले, पण तिचं सगळं अंग ओल्या कापडासारखं माझ्यावर लोंबलं. तिच्या छातीत धडधड नव्हती; उलट एक ठोका पडला की दुसरा पडेल की नाही असं वाटत होतं. बाबा आले. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि शहाळ्याचं पाणी ओतून आणलं.

"अशक्तपणा आहे. घे. दोन घोट घे, लगेच तरतरी येईल."

त्यांनी गुडघे टेकून तिचं डोकं आपल्या हातावर घेतलं. आई त्यांच्याकडे बघत होती. किती वेळ ती तशी नुसतीच बघत राहिली! मग तिनं तोंड उघडलं आणि दोन घोट घेतले.

हमीदचाचांनी गल्लीतल्या कुणाची तरी जीप आणली. अमरावतीच्या वाटेवर आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि बाबा पुढच्या सीटवरून सारखे मागं वळून तिच्या तोंडाकडे बघत होते.

दवाखान्यात पोहोचताच तिला आत नेलं. पट्टीवर हृदयाची रेघ काढली, रक्त घेतलं, आणि मग एकदम सगळ्यांची पळापळ सुरू झाली. तिला तातडीनं डायलिसिसवर घेतलं. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. बाबांच्या शर्टावर शहाळ्याचं पाणी सांडून वाळलेला डाग होता.

दुपार कलल्यावर डॉ. काबरांनी आम्हाला आत बोलावलं. आई खाटेवर होती, शुद्धीवर होती. मशीन अजून चालू होतं.

"थोडक्यात वाचल्या," डॉक्टर म्हणाले. "रक्तात पोटॅशियम इतकं वाढलं होतं की हृदय कधीही थांबलं असतं. काका, गेल्या काही दिवसांत यांच्या खाण्यात काय काय आलं?"

बाबा ताठ बसले. आपल्या कामाचं कुणीतरी शेवटी विचारतंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी एकेक करून सगळं सांगितलं. पालक, शेवगा, टमाटे. केळफुलाची भाजी. दुपारी खजूर, साखरेऐवजी. शहाळं सकाळ-संध्याकाळ.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"रोज?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही."

डॉक्टर आईकडे वळले. "काकू, मी तुम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं ना? नेमकं हेच सगळं बंद म्हणून. काका रिपोर्ट आणायला खाली गेले होते तेव्हा. पुढच्या वेळी आलात तेव्हाही मी विचारलं, आणि सगळं पाळते म्हणालात."

आईनं डोळे मिटून घेतले.

बाबांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, म्हणून मी त्यांच्या हातांकडे बघितलं. ते गुडघ्यांवर उताणे पडले होते.

"पण ह्या वस्तू चांगल्या आहेत," बाबा म्हणाले.

"चांगल्याच आहेत, काका. तुमच्या-माझ्यासाठी फार चांगल्या. ज्याची किडनी धड आहे, त्यानं जरूर खाव्यात. पण यांची किडनी ते पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही. ते रक्तातच साचतं."

"चाळीस वर्षं मी हिला असंच खायला घातलं. साखर नाही, तळलेलं नाही, मैदा नाही. तरी किडनी गेली कशानं?"

"ते मी यांना सांगितलं होतं, म्हणजे तुम्हालाही माहीत असेल असं मी धरून चाललो." डॉक्टरांचा आवाज खाली आला. "यांच्या दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी आहेत. जन्मापासूनच त्याचं बीज असतं, वय वाढतं तशा गाठी वाढतात. यांचे वडील आणि एक भाऊ याच आजारानं गेले असावेत, यांच्या बोलण्यावरून तसंच वाटतं. हा आजार खाण्यानं आलेला नाही."

"आणि खाण्यानं थांबला असता?"

"नाही."

"थोडासुद्धा?"

डॉक्टरांनी मशीनवरचे आकडे बघितले. मग म्हणाले, "तुम्ही केलंत ते काही वाया गेलं नाही, काका. यांना मधुमेह झाला नाही, हृदय चांगलं राहिलं, म्हणून तर आज..."

बाबा उठले आणि बाहेर निघून गेले. मीही उठणार, तेवढ्यात डॉक्टरांनी मला थांबवलं. "तुम्ही एकट्याच का? की भावंडं आहेत?"

"एकटीच."

"सोनोग्राफी करून घ्या. आईबापांपैकी एकाला असेल, तर मुलात येण्याची शक्यता निम्मी असते. घाबरायचं काही नाही, पण करून घ्या."

ते गेले. मी आईच्या उशाशी बसले. तिनं डोळे उघडले नाहीत, पण तिला सगळं ऐकू येतंय हे मला माहीत होतं.

"आई, तुला माहीत होतं?"

"हाव."

"कालचा पेलासुद्धा? आज सकाळचे घोटसुद्धा?"

"हाव."

"मग का प्यायलीस? एक शब्द बोलायचा होतास त्यांना!"

"काय बोलू?" तिनं डोळे उघडले. "डाक्टरनं मले सांगतलं की ह्याच्यावर काई इलाज नाई. खाल्लं तरी नाई, नाई खाल्लं तरी नाई. हे मी तुह्या बाबाले सांगू? तो मानूस पहाटे उठून त्या झाडाचा पाला तोडते, वैजू. निवडते, धुते, पाट्यावर वाटते. मिक्सर नाई वापरत, गुन जातात म्हने. त्याले वाटते आपल्या हातानं मी बरी होऊन राह्यली. तेवढंच तर आहे त्याच्यापाशी. ते काढून घेतलं तर दिवसभर तो करीन काय?"

"पण जीव गेला असता तुझा!"

"जानारच हाय." तिनं मान वळवली. मशीनकडे बघत म्हणाली, "अन् खरं सांगू का? मले कंटाळा आला होता. माह्या बापाले मी पाह्यलं आहे, कसा गेला तो. तसं वरिसभर कुथत जान्यापरीस यायच्या हातचं पिऊन एक दिवस झोपून जावं, असंबी वाटे. दोन्ही वाटे. आता कोनतं किती, ते नको इचारू मले."

मी मान वर केली. दारात बाबा उभे होते. हातात पाण्याची बाटली होती. ते कधी आले आणि त्यांनी किती ऐकलं, मला कळलं नाही. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहून, चादरीखालच्या तिच्या सुजलेल्या पायांवर हात ठेवला. मग तो काढून घेतला.

दहा-बारा दिवसांनी आईला घरी सोडलं. घरी म्हणजे माझ्याच घरी, कारण डायलिसिस आता कायमचं लागलं होतं आणि कारंज्याहून येणं-जाणं तिला झेपण्यासारखं नव्हतं. बाबाही राहिले. माझा नवरा सुधाकर त्यांना म्हणाला, "तुम्ही स्वयंपाकाचं बघू नका, आम्ही बाई ठेवतो." बाबांनी ऐकलं नाही. ते दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंसमोर शाळकरी पोरासारखे बसले आणि सगळं नव्यानं शिकून आले.

आईची भाजी वेगळी करावी लागे. बारीक चिरायची, भरपूर पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायचं. मग नव्या पाण्यात उकडायची, तेही पाणी फेकायचं. त्यातला सगळा कस निघून जायला हवा, तरच ती आईला चालणार. भाजी आधी धुवा आणि मग चिरा, शिजवलेलं पाणी टाकाल तर मूर्ख ठराल, असं गावोगाव सांगत फिरलेला माणूस माझ्या मोरीशी उभा राहून रोज ते हिरवट पाणी ओतून देत असे. ओतताना ते त्याच्याकडे बघत नसत.

एकदा आई जेवत होती. समोर तो पांढराफटक भोपळा, बिनमिठाचा.

"चांगली झाली," ती म्हणाली. "चव आहे हो."

बाबा तिच्यासमोर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "प्रमिला, आता तरी खोटं बोलू नकोस."

आईचा हात ताटातच राहिला. त्यानंतर दोघं एकमेकांशी भांडली नाहीत, रुसली नाहीत. ते तिला वेळेवर गोळ्या देत, दवाखान्यात नेत, पाय चेपून देत. पण ताट पुढं ठेवलं की ते उठून दुसऱ्या खोलीत जात. ती कशी जेवते हे बघायची त्यांची ताकद संपली होती. आणि ती, ज्या माणसासाठी विष प्यायला तयार झाली होती, त्याच्या हातचं अळणी खाणं एकटीच खात बसे. मी कधी जवळ बसले तर म्हणे, "मी सांगतलं असतं तेच बरं होतं का गं?"

ती उन्हाळ्यात गेली. मशीनवर असतानाच गेली. जाताना बाबा जवळ नव्हते. खाली औषधाच्या दुकानात रांगेत होते.

दिवसवार कारंज्याला केले. तेरावं झालं, पाहुणे पांगले. हमीदचाचा तेवढे रोज येऊन पायरीवर बसत आणि उठून जात. एके दिवशी त्यांनी सहज म्हटलं, "साहेब, माझ्या भावाची शुगर वाढलीय. त्याला काय खायला सांगू?" बाबा म्हणाले, "डॉक्टरांना विचारा." चाचांनी माझ्याकडे बघितलं. चुलीशी, ओट्याशी बाबा फिरकत नव्हते. मी वाढलेलं खात, नाही वाढलं तर मागत नसत. अंगणातला शेवगा शेंगांनी वाकला होता आणि शेंगा झाडावरच निबर होऊन चालल्या होत्या.

मी अमरावतीला परत जायच्या आदल्या संध्याकाळी पिशवी भरत होते, तेव्हा ते दाराशी येऊन उभे राहिले.

"वैजू, डॉक्टरांनी तुला त्या दिवशी थांबवून काय सांगितलं होतं?"

माझे हात थांबले. "कधी?"

"पहिल्या दिवशी. मी बाहेर होतो, पण दार उघडं होतं. सोनोग्राफी करून घ्या म्हणाले. केलीस का?"

मी केली होती. आई माझ्या घरी असतानाच, शाळेतून परस्पर जाऊन, सुधाकरलासुद्धा न सांगता. अंधाऱ्या खोलीत त्या डॉक्टरीणबाई पडद्यावर बोट फिरवत मोजत गेल्या आणि मध्येच मोजायचं थांबल्या. दोन्हीकडे आहेत, म्हणाल्या. आज बाबांना जाऊनही सहा वर्षं झाली, आणि आई ज्या वॉर्डात झोपायची त्याच वॉर्डात आता मी मशीनला हात लावून पडते. वरचं छत मला पाठ झालंय. पण त्या संध्याकाळी यातलं काही नव्हतं. पाय सुजले नव्हते. चेहरा चांगला होता. समोर बाबा होते आणि दाढीचे खुंट वाढलेल्या त्यांच्या चेहऱ्यावर मी कधीच न पाहिलेली भीती होती.

"तू तरी मला खरं सांग," ते म्हणाले. "तुझ्या आईसारखं करू नकोस."

"केली, बाबा," मी म्हणाले. "काही नाही निघालं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. दोन्ही किडन्या स्वच्छ आहेत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर काढली नाही. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी चौकटीला हात टेकला, एकदा मान हलवली, परत हलवली, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"म्हणजे तुझ्या बाबतीत तरी लागू पडलं," ते म्हणाले. "लहानपणापासून घातलं ना मी तुला. तिला उशिरा मिळालं, लग्नानंतर. तुला पहिल्या घासापासून."

"हो, बाबा," मी म्हणाले. "लागू पडलं."